नोडचा एलएलएचटीटीपी पार्सर: दारात कडक, घरात ढिला

नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) १२ मध्ये (२०१९) येणारी एचटीटीपी रिक्वेस्ट तोडून वाचणारा जुना पार्सर जाऊन एलएलएचटीटीपी आला. नियम टाइपस्क्रिप्टमध्ये लिहायचे आणि त्यातून सी कोड तयार करायचा, अशी त्याची रचना. वेगाबद्दल तक्रार नाही. प्रश्न आहे तो वेडेवाकडे हेडर (रिक्वेस्टच्या सुरुवातीच्या 'नाव: किंमत' अशा ओळी) आले की काय होतं हा.

तपासायला ब्राउझर उपयोगाचा नाही, तो असल्या रिक्वेस्ट पाठवतच नाही. टर्मिनलमध्ये प्रिंटएफ कमांडने कच्ची रिक्वेस्ट बनवून नेटकॅटला (मजकूर थेट नेटवर्कवर पाठवणारी कमांड) पाइप करा. प्रत्येक ओळीच्या शेवटी सीआर आणि एलएफ ही ओळ संपवणारी दोन्ही चिन्हं हवीत.

दोन कंटेंट-लेंग्थ (बॉडीची लांबी सांगणारा हेडर) पाठवले की ४०० ('रिक्वेस्ट चुकीची' हा कोड) मिळतो, दोन्हींची किंमत एकच असली तरी. ट्रान्स्फर-एन्कोडिंगसोबत (बॉडी तुकड्यांत येते असं सांगणारा हेडर) कंटेंट-लेंग्थ दिला तरी तेच. हा कडकपणा हवाच. नाहीतर नोडसमोरचा प्रॉक्सी (रिक्वेस्ट आधी घेऊन नोडकडे देणारा सर्व्हर) बॉडी ५० बाइटची धरतो आणि नोड ५ ची, मग उरलेले ४५ बाइट पुढची रिक्वेस्ट म्हणून वाचले जातात. यालाच रिक्वेस्ट स्मगलिंग म्हणतात. दार मात्र कायम पक्कं नव्हतं: कंटेंट-लेंग्थच्या आधी एक स्पेस टाकली की चकवता यायचं, ती चूक एप्रिल २०२४ मध्ये १८.२०.१ आणि २०.१२.१ या आवृत्त्यांत दुरुस्त झाली. त्याआधीची आवृत्ती चालू असेल तर बाकीचं नंतर वाचा.

खरी गोची पार्सरच्या वरच्या थरात आहे. नोड २० वर होस्ट (कोणती साइट हवी ते सांगणारा हेडर) दोनदा पाठवा, आधी 'अ', मग 'ब'. एचटीटीपी/१.१ च्या मानकाप्रमाणे (आरएफसी ९११२) ४०० यायला हवा. नोड मात्र हेडर्समध्ये 'अ' ठेवतो, 'ब' टाकून देतो आणि चकार शब्द काढत नाही. होस्ट हेडर सक्तीचा करणारा पर्याय फक्त 'आहे की नाही' एवढंच बघतो. समोरचा प्रॉक्सी शेवटचा होस्ट धरणारा असेल, तर साइट एक आणि कॅशची की दुसरी. ऑथरायझेशन, कंटेंट-टाइप, युजर-एजंट यांचंही असंच, पहिला तोच खरा. कुकी अर्धविरामाने जोडली जाते, सेट-कुकीचा अ‍ॅरे होतो, उरलेले बहुतेक स्वल्पविरामाने चिकटतात. म्हणून एक्स-फॉरवर्डेड-फॉरमधला (रिक्वेस्ट कोणकोणत्या आयपी पत्त्यांवरून आली त्याची यादी) डावीकडचा पत्ता खरा मानू नका, तो कोणीही घालू शकतो. आपले प्रॉक्सी किती ते धरून उजवीकडून मोजा.

उपाय सोपा आहे. १८.३ पासून हेडर्स-डिस्टिंक्ट मिळतं, त्यात प्रत्येक नावाचा अ‍ॅरे असतो. होस्ट किंवा ऑथरायझेशनची लांबी १ पेक्षा जास्त दिसली की राउटिंगच्या आधीच ४०० देऊन कनेक्शन बंद करा. जुन्या आवृत्तीत रॉ-हेडर्स घ्या, सम जागी नाव आणि विषम जागी किंमत. तुलनेआधी नाव लहान अक्षरांत करा, नाहीतर तीच फट उरते.

समोरचं जुनं उपकरण हेडरमध्ये कचरा पाठवतं म्हणून अख्ख्या प्रोसेसला 'इनसिक्युअर पार्सर'चा (पार्सरचे कडक नियम सैल करणारा) फ्लॅग लावणं म्हणजे उंदरासाठी घर जाळणं. तोच पर्याय एका सर्व्हरपुरता किंवा नोडने पाठवलेल्या एका रिक्वेस्टपुरता देता येतो, तिथेच द्या.

क्लायंट-एररचा इव्हेंट (रिक्वेस्ट वाचताना चूक झाली की नोड देतो ती सूचना) स्वतः हाताळलात तर सॉकेट, म्हणजे ते कनेक्शन, बंद करणं तुमच्याकडे येतं. लिहिण्याआधी सॉकेट लिहिण्याजोगा आहे का तेही बघा. एररसोबत कच्चं पॅकेट मिळतं, तपासाला उत्तम, पण लॉगमध्ये जसंच्या तसं ओतलंत तर टोकन आणि कुकीही त्यात जातात. हेडर्सची १६ केबीची मर्यादा ओलांडली तर ४३१ ('हेडर फार मोठे' हा कोड) येतो, आणि बहुतेक वेळा दोष फुगलेल्या कुकीचा असतो, मर्यादेचा नाही.