जूनमध्ये मुंबईहून क्रूझ? माझे 1,76,025 रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

मागच्या आठवड्यात साडूचा फोन आला. म्हणे मुंबईहून क्रूझचं मस्त पॅकेज मिळतंय, जूनच्या पहिल्या आठवड्यातलं, आत्ता निम्मे भरले की केबिन लॉक, तू गेलेलास ना रे एकदा, कसं होतं? मी गेलोच नव्हतो. अडीच वर्षं झाली, नातेवाइकांत आम्ही ‘वादळामुळे कॅन्सल झालं’ एवढंच सांगत आलोय, कारण खरं सांगायची लाज वाटत होती. साडूला त्या दिवशी पहिल्यांदा सगळं सांगितलं आणि मग वाटलं आता लिहूनच टाकावं. सप्टेंबर 2025 मध्ये मुंबईला बॅलार्ड पिअरच्या नवीन क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं तेव्हापासून आपल्याकडे पण परत जाहिरातींचा पाऊस पडतोय आणि त्यातल्या कितीतरी असल्याच फसव्या असणार.

माझं असं झालं. 11 जून 2023 ला आईअप्पांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. बहात्तरच्या दुष्काळानंतरचं लग्न ते, गुळाचा चहा आणि पन्नास माणसं, एवढ्यात उरकलेलं. अप्पांनी उभा जन्म मिलमध्ये काढला, समुद्र बघितला तो एकदाच गणपतीपुळ्याला, तोही लांबून. मनात होतं की ह्या वेळी काहीतरी मोठं करायचं. 22 एप्रिलला अक्षय तृतीया होती, सोलापूरला होटगी रोडच्या बाजूला एका हॉलमध्ये टूरवाल्यांचं प्रदर्शन होतं, तिथे हा एजंट भेटला. पांढरा शर्ट, टेबलावर जहाजाचं मॉडेल, मागे स्क्रीनवर स्विमिंग पूल आणि शोचे व्हिडिओ. मुंबई गोवा मुंबई, तीन रात्री, 9 ते 12 जून. मोठ्यांना 27,500, पोरांना 12,250. आम्ही चार मोठे आणि दोन पोरं, झाले 1,34,500. ‘मालक, अक्षय तृतीयेचा रेट आहे, उद्या हाच रेट मागितला तर मी नाही म्हणेन.’ मी तिथेच 51,000 यूपीआय केले. स्कॅन केल्यावर नाव आलं ते कुठल्यातरी बाईंचं. विचारलं तर म्हणाला मॅडम पार्टनर आहेत, कंपनीचं करंट अकाउंट सोमवारी चालू होतंय. माझ्या स्वतःच्या दुकानात कोणी असं सांगितलं असतं तर मी माल सोडला नसता!

4 मे ला उरलेले 83,500 एनईएफटी केले, त्याच बाईंच्या खात्यावर. पावती आली, व्हाउचर आलं, त्यावर जहाजाचा फोटो, केबिन नंबर, बुकिंग नंबर, सगळं.

आता ती पावती. माझा चादरी-टॉवेलचा होलसेलचा धंदा आहे. दर महिन्याला जीएसटी भरतो, पार्टीच्या जीएसटी नंबरात एक अक्षर इकडंतिकडं झालं तरी बिल परत पाठवतो. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा असला तर 27 ने सुरू होतो, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. त्या पावतीवर चौदाच अक्षरं होती आणि सुरुवात 29 ने, म्हणजे कर्नाटक. ती पावती महिनाभर माझ्या टेबलाच्या काचेखाली होती. रोज दिसत होती. मी नंतर, सगळं संपल्यावर बोटाने मोजली. का नाही बघितलं आधी ह्याला माझ्याकडे उत्तर नाही. आईला बोर्डिंगसाठी नवीन सँडल घ्यायचे, अप्पांची शुगरची औषधं, डोक्यात हेच चालू होतं, आणि घरच्या आनंदाच्या गोष्टीत माणूस धंद्यासारखा हिशोब लावत बसत नाही, एवढंच सांगू शकतो.

मग 23 मे. नुकतंच 19 तारखेला दोन हजारच्या नोटा मागे घेणार म्हणून जाहीर झालं होतं. हा दुकानात आला, म्हणाला पोर्ट चार्जेस आणि टिप माणशी 2,800 प्रमाणे 16,800 आणि टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने वरून गोळा करायचा आयकर, पाच टक्क्यांनी 6,725, एकूण 23,525, आणि मालक तुमच्याकडे गुलाबी नोटा असतील तर मी रोख घेतो, तुम्हाला बँकेच्या लाईनीत उभं राहायला नको. मला ते सोयीचं वाटलं. अकरा नोटा दोन हजारच्या आणि वर 1,525 दिले, सही करून एका कोऱ्या कागदावर ‘मिळाले’ लिहून घेतलं. टीसीएस हा परदेशातल्या टूर पॅकेजवर लागतो, मुंबई गोव्याला टीसीएस कसला? सीएला एक फोन केला असता तरी कळलं असतं. क्रूझवाला गोव्याला टीसीएस मागतो म्हणजे उठून चालायला लागा, दुसरं काही बघू नका.

आणि आता ते, ज्याने मला रात्री झोप येत नाही.

6 जून, मंगळवार. सकाळी पेपरात बातमी होती, आदल्या दिवशी 5 जूनला केंद्रीय मंत्री सर्बानंद सोनोवाल यांनी चेन्नईहून श्रीलंकेला जाणाऱ्या एम्प्रेस जहाजाला हिरवा झेंडा दाखवला. हंबनतोटा, त्रिंकोमाली, कांकेसंतुराई ही तिथली बंदरं. माझ्या व्हाउचरवर हेच जहाज होतं! बायको म्हणाली, अहो, आपलं जहाज तर तिकडे गेलंय की. मी लगेच फोन लावला. त्याने एका दमात सांगितलं, मालक मीच करणार होतो तुम्हाला, अरबी समुद्रात वादळ आलंय, बिपरजॉय, टीव्ही लावा, कंपनीने सेफ्टीसाठी जहाज चेन्नईला हलवलंय, तुमचं बुकिंग मी तिकडे ट्रान्सफर करतो, माणशी 3,000 फक्त, तीन महिन्यांचं ओपन व्हाउचर देतो, आणि तुम्हा सोलापूरकरांना काय, मुंबई काय चेन्नई काय, गाडी तर तुमच्या दारातूनच जाते.

मी टीव्ही लावला. खरंच वादळ होतं, त्याच दिवशी नाव पडलं होतं त्याला. चेन्नईची गाडी खरंच सोलापूरवरून जाते. दोन गोष्टी खऱ्या निघाल्या म्हणून तिसरी पण खरी मानली आणि 18,000 पाठवून दिले. पेपर समोर उघडा होता हो. 5 तारखेला जे जहाज चेन्नईत झेंडा दाखवून निघालं ते 6 तारखेच्या वादळामुळे मुंबईहून कसं हलवतील? मुंबईहून चेन्नईला बोटीने जायचं म्हणजे अख्ख्या दक्षिण भारताला वळसा घालून जायचं, एका रात्रीत पोचायला ते काय विमान आहे का? पाचवीतल्या माझ्या पोराने नकाशा काढून दाखवलं नंतर. तेव्हा मला फक्त एवढं ऐकू येत होतं की पैसे बुडाले नाहीत, ट्रिप आहे अजून.

खरी गोष्ट अशी आहे की पावसाळ्याआधी मुंबई सोडायची हे जहाजाचं आधीच ठरलेलं होतं, आदल्या वर्षी 2022 च्या जूनमध्येही ते चेन्नईहूनच निघत होतं. मुंबईचा क्रूझचा सीझन साधारण दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि मे मध्ये संपत येतो. पावसात मांडव्याच्या लाँच बंद होतात, 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, कोळी लोक होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, मग तिथून बहुमजली हॉटेलासारखं जहाज लोकांना गोवा फिरवायला कशाला थांबेल? होमपोर्ट, म्हणजे जहाज जिथून निघतं ते बंदर, आपला एसटी स्टँड नाही, कंपनी सीझन बघून बंदर बदलते, कधी तर कायमची जाते. कर्णिका नावाचं दुसऱ्या एका कंपनीचं जहाज 2019 च्या एप्रिलमध्ये मुंबईहून सुरू झालं होतं, 2020 मध्ये ती कंपनी बंद आणि जहाज अलंगला भंगारात. हे सगळं मुंबईवाल्याला माहीत असतं. मुंबईपासून चारशे किलोमीटरवर बसलेल्या आपल्याला कोण सांगणार, आणि ह्या माणसाने नेमकं तेच हेरलं. जहाज नसलेल्या तारखाच त्याने विकल्या, म्हणजे जहाज गेलं की ‘कंपनीने हलवलं’ म्हणून अजून पैसे काढता येतात.

11 तारखेला घरीच पुरणपोळी केली. 12 ला सोमवारी त्याच्या ऑफिसला गेलो तर शटर खाली, शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला 8 लाच सामान गेलं की. फोन बंद. तिथून जहाज कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला, बुकिंग नंबर सांगितला, दोन मिनिटांत उत्तर आलं की असा नंबर आमच्याकडे नाही. दोन मिनिटं! हाच फोन मी 22 एप्रिलला करू शकत होतो.

त्या दिवशीच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, कळवलं. खात्यात शिल्लक 1,112 रुपये, तेवढे होल्ड झाले. पैसे गेल्या गेल्या पहिल्या तासादोनतासात 1930 ला फोन करा, महिन्याने करून काही हाती लागत नाही.

पोलीस ठाण्याचं काय सांगू. पहिल्या दिवशी म्हणाले सायबरचं आहे तिकडे जा, तिकडे म्हणाले माणूस समोरासमोर भेटलाय, ऑफिस होतं, मग सायबर कसं, तिकडेच जा. 15 जूनला परत गेलो, त्या दिवशी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडायची होती, सगळा फोर्स बंदोबस्ताला, नंतर या. नंतर गेलो तर आषाढीचा बंदोबस्त, 29 जून होऊ द्या. एकादशी झाल्यावर गेलो तर साहेब रजेवर. जुलैमध्ये एकाने अर्ज वाचला आणि वर बघून म्हणाला, तुम्ही व्यापारी माणूस, तुम्हाला कळत नाही का, हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा. ज्या माणसाने एकच जहाज माझ्यासारख्या तेवीस घरांना विकलं ते सिव्हिल? 23,525 रोखीचे तर त्यांनी धरलेच नाहीत, म्हणे कागदावर सही कोणाची ते आम्ही कसं ठरवायचं, आणि म्हणे गुलाबी नोटा होत्या ना, बँकेत का नाही भरल्या. म्हणजे गुन्हेगार मीच. गुन्हा नोंदवला तो ऑक्टोबरमध्ये, चार महिन्यांनी, 420 खाली, आणि त्या चार महिन्यांत खातं ज्या बाईच्या नावावर होतं ती कलबुर्गीची बाई पण पत्त्यावरून गायब. आता पोलीस म्हणतात कर्नाटकात टीम पाठवावी लागेल, मंजुरी पाहिजे. अडीच वर्षं मंजुरीच येतेय!

बँकेत गेलो तर तिथल्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात ना. खातं उघडताना त्या बाईची केवायसी कोणी केली हे विचारलं तर म्हणे ती माहिती देता येत नाही. जागेच्या मालकाने भाडेकरूची माहिती पोलिसांना दिली नव्हती, त्यालाही कोणी काही विचारलं नाही. ज्याचे पैसे गेले तो सोडून बाकी सगळे आरामात आहेत.

तुमच्यापैकी कोणी ह्या वाटेवर असेल तर तोंडी सांगत बसू नका, लेखी अर्ज द्या, पोच घ्या, ठाणं घेत नसेल तर आयुक्तांना पोस्टाने पाठवा. हद्दीचं कारण सांगितलं तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवायचा गुन्हा, मागा, आता कायद्यातच आहे, आणि फसवणुकीच्या 420 कलमाच्या जागी आता 318 आलंय. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही, आपल्या गावातच दावा लावता येतो, मी लावलाय, पण नोटीस ‘पत्त्यावर राहत नाही’ म्हणून परत आली. पत्ता, आधार, फोटो पैसे द्यायच्या आधी घ्यायचा असतो, नंतर नाही मिळत.

आमचा तेवीस घरांचा ग्रुप झाला, सोलापूर, बार्शी, अक्कलकोट, पंढरपूर. बार्शीचे एक गुरुजी आणि बाई तर खरंच व्हाउचर घेऊन चेन्नईला गेले, बंदराच्या गेटवर सिक्युरिटीने परत पाठवलं, दोन रात्री लॉजवर राहून आले. कोणी गाडी काढून रस्त्याने गोव्याला गेलं, कोणी अजून जहाज कंपनीलाच शिव्या देतंय की मुंबई सोडलीच कशी. कंपनीवर माझा राग नाही, तिने मला काही विकलंच नव्हतं. ग्रुपमधले निम्मे गुन्हा नोंदवायला आलेच नाहीत, घरात कळेल म्हणून. त्यांचा राग येतो मला, आणि कळतं पण. आणि ग्रुप झाल्यावर महिन्यातच ‘रिफंड मिळवून देतो, 4,999 भरा’ म्हणून फोन सुरू झाले, नंबर कुठून गेले देव जाणे. एकीने भरले.

साडूला मी एवढंच करायला लावलं की जहाज कंपनीच्या स्वतःच्या साइटवर ती तारीख आणि ते बंदर टाकून बघ. तारीख दिसलीच नाही. त्याने 25,000 टोकन आधीच दिलं होतं, दुसऱ्या दिवशी मी स्वतः त्याच्याबरोबर त्या एजंटच्या ऑफिसात जाऊन बसलो, संध्याकाळी सहा वाजेपर्यंत, पैसे खात्यावर परत आल्याचा मेसेज दिसेपर्यंत उठलो नाही.

22 एप्रिल 2023 ला त्या हॉलमध्ये कोणी फॉर्म भरला असेल, पैसे दिले असतील, गप्प बसला असाल, तर तुमच्या पावतीवरचा जीएसटी नंबर मोजा. चौदा अक्षरं आणि 29 ने सुरू असेल तर तो तोच माणूस आहे. आमच्या केसला जोडून घ्या, पावतीची मूळ प्रत सांभाळून ठेवा, झेरॉक्स चालत नाही म्हणतात.