कोहा की ॲटॉम? पेटाऱ्यातल्या संग्रहाची नोंद

अमळनेर-चोपड्याकडच्या जुन्या वाड्यातला पेटारा उघडला की सगळंच एकत्र निघतं: हुंड्या, पत्रांचे गठ्ठे, १९३६ च्या काँग्रेसच्या फैजपूर अधिवेशनाचे फोटो, कानबाई देवीच्या अहिराणी गाण्यांच्या कॅसेट. हे नोंदवायचं कशात?

कोहा हे वाचनालयाचं सॉफ्टवेअर, अनेक ग्रंथपालांच्या सवयीचं. न्यूझीलंडमधल्या वाचनालयासाठी बनलेलं, २००० पासून वापरात, फुकट. पुस्तकांची देवघेव त्यात झकास. पण त्याचा पिंडच पुस्तकाचा: एक वस्तू, एक नोंद. तीनशे पत्रांच्या गठ्ठ्याला तीनशे नोंदी कोण करणार? शिवाय पत्रासोबत आलेला फोटो वेगळ्या नोंदीत गेला, की तो कुणी, कशासाठी पाठवला हा धागाच तुटतो. माझ्या मते हेच खरं नुकसान.

ॲटॉम (AtoM) हे सॉफ्टवेअरही फुकट आणि देवनागरी चालणारं, पण मुळातच अभिलेखागारांसाठी, म्हणजे जुनी कागदपत्रं जपणाऱ्या संस्थांसाठी घडवलेलं. त्यात उतरंड असते: आधी संपूर्ण संग्रह, मग मालिका, फाईल, शेवटी नग. वेळ नसेल तर फाईलपाशी थांबा, नगाचं पुढच्या वर्षी बघू. कॅसेट, फोटो, चोपडी एकाच घराण्याच्या नावाखाली राहतात. देवघेव मात्र नाही, आणि सर्व्हर सांभाळणारा माणूस लागतो. तालुक्याच्या गावी तो शोधणं हेच अर्धं काम!

छापील पुस्तकंच जास्त असतील तर कोहा. पेटारा असेल तर मी ॲटॉमच घेईन. माणूस मिळेपर्यंत त्याच उतरंडीची एक्सेल शीट चालेल, आणि तोवर कॅसेट उन्हाळ्याआधी डिजिटल करून घ्या.