पीकराखणीची बंदूक: ठासणीची घ्यावी की बारा बोअरची?

रोही (नीलगाय) आणि रानडुकरं तूर-हरभऱ्याचं वावर रातोरात सपाट करतात, म्हणून बंदुकीचा परवाना काढायला निघाला असाल तर एक लक्षात घ्या: निवड पूर्ण तुमच्या हातात नाही. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम १३ पीकसंरक्षणासाठी मुळात ठासणीचीच बंदूक धरतं. ती पुरणार नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तरच किमान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत अशी दुसरी बंदूक मिळू शकते. तेव्हा बारा बोअर, म्हणजे अशीच काडतुसाची बंदूक, हवी असेल तर अर्जातच कारण मांडा.

ठासणीची म्हणजे आपली भरमार. तोंडातून दारू, वर बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, गजाने ठासणं आणि शेवटी मागच्या निपलवर ठिणगी देणारी टोपी. जागलीवर अंधारात, थंडीने बोटं आखडलेली असताना, दुसरा बार भरेपर्यंत कळप शेजाऱ्याच्या वावरात गेलेला असतो. पण वेळ हा तिचा मोठा दोष नाहीच. पांगवायचं काम बहुतेकदा पहिल्या आवाजातच होतं. दोष हा की भरलेली भरमार रिकामी करणं अवघड. एकतर बार उडवा, नाहीतर गजाला स्क्रू लावून बोळे उकरत बसा. आत बार आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही, आणि विसरून त्यावर दुसरा ठासला तर नळी फुटू शकते. म्हणून जाणती माणसं रिकाम्या नळीत गज घालून तोंडाशी खूण करून ठेवतात. पुढे कधी खूण तोंडाच्या वर राहिली, की आत माल आहे. शिवाय काळ्या दारूची काजळी ओल धरते; गरम पाण्याने नळी धुऊन, सुकवून तेल दिलं नाही तर गंज ठरलेला. एक मात्र खरं, तिच्यात बिघडायला फारसं काही नाही आणि काढायला काडतुसाचं रिकामं टरफलही नाही.

बारा बोअरचा खटका सरकवला की नळी खाली झुकते, काडतूस मागून जातं. घरी परतताना उघडायची, काडतूस खिशात, नळीतून आरपार दिसतं. पोरंबाळं असलेल्या घरात मला एवढ्यासाठीच ती उजवी वाटते.

दुकानात पुढचा प्रश्न येईल, एक्स्ट्रॅक्टर की इजेक्टर. एक्स्ट्रॅक्टर टरफल जरासं वर उचलतो, ओढून काढायचं आपण. इजेक्टर झाडलेलं टरफल स्प्रिंगने बाहेर भिरकावतो, न झाडलेलं काडतूस नुसतं वर करतो. राखणीला एक्स्ट्रॅक्टर पुरे. भाग कमी, दुरुस्ती कमी, आणि टरफल अंधारात शोधावं लागत नाही. कागदी काडतूस पावसाळ्यात फुगून अडकतं, प्लास्टिकचंच घ्या.

जुनी बंदूक घेताना चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) ६५ मिमीचं की ७० मिमीचं हे नळीवरच्या खुणांवरून तपासा. ६५ च्या चेंबरमध्ये ७० चं काडतूस बिनबोभाट बसतं, पण उडताना त्याचं तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. शंका असेल तर परवानाधारक कारागिराला दाखवल्याशिवाय व्यवहार करू नका.

रिव्हॉल्व्हरचं विचारणारेही असतात. पीकसंरक्षणाच्या या तरतुदीत ते बसत नाही.

आणि परवाना बंदुकीचा असतो, शिकारीचा नव्हे. रोही, रानडुक्कर दोन्ही वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली येतात. मारायचं तर वनखात्याची परवानगी वेगळी काढावी लागते.