आरोग्य संजीवनी पॉलिसी: हप्ता स्वस्त, खोली महाग

वडिलांसाठी 2021 मध्ये, त्यांच्या वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, मी पाच लाख रुपयांच्या विमा रकमेची आरोग्य संजीवनी पॉलिसी घेतली. विमा नियामकाने आखून दिलेली आणि 1 एप्रिल 2020 पासून बाजारात आलेली ही प्रमाणित पॉलिसी आहे. कंपनी कोणतीही असली तरी अटींचा साचा एकच असतो; फरक पडतो तो हप्त्यात आणि सेवेत. शिवाय शहर पाहून हप्ता कमीजास्त करण्याची मुभा कंपनीला नसते, त्यामुळे मुंबईच्या माणसाला आणि गडचिरोलीच्या माणसाला एकाच वयासाठी एकच दर लागतो. एजंटाच्या गोड बोलण्याला वाव न ठेवणारे विमा उत्पादन विरळाच, आणि मुख्यतः याच कारणासाठी मी ते निवडले होते.

कागदावर पॉलिसी नेटकी आहे. रुग्णालयात दाखल होण्यापूर्वीच्या 30 आणि नंतरच्या 60 दिवसांचा खर्च मिळतो, आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे आंतररुग्ण उपचारही धरले जातात, आणि दावा न केलेल्या प्रत्येक वर्षी विमा रक्कम पाच टक्क्यांनी वाढते. प्रत्येक दाव्यात पाच टक्के वाटा रुग्णाने उचलायचा असतो; ही अट मला जाचक वाटत नाही. जाचक अट वेगळीच आहे, आणि ती वाचूनही मला तिचा अर्थ कळला नव्हता.

माझ्या दस्तऐवजात खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या दोन टक्के, परंतु दिवसाला जास्तीत जास्त 5,000 रुपये अशी आहे. अतिदक्षता विभागासाठी ती पाच टक्के, परंतु जास्तीत जास्त 10,000 रुपये आहे. खोलीची कमाल मर्यादा अडीच लाखांच्या विमा रकमेलाच गाठली जाते आणि अतिदक्षता विभागाची दोन लाखांना. त्यापुढे तुम्ही पाच लाखांची पॉलिसी घ्या किंवा दहा लाखांची, खोली तीच मिळते. जादा विमा रकमेसाठी जादा हप्ता भरताना हे मला कोणी सांगितले नाही, आणि खरे सांगायचे तर मीही विचारले नाही.

गेल्या वर्षी वडिलांची हर्नियाची शस्त्रक्रिया झाली. त्या रुग्णालयात त्या दिवशी उपलब्ध असलेली सर्वांत स्वस्त स्वतंत्र खोली 8,000 रुपयांची होती. वरचे तीन हजार आपण भरू, असा साधा हिशेब करून मी सही केली. चार दिवसांचे बिल 1,60,000 रुपये झाले: खोलीचे 32,000, शस्त्रक्रियागृह, डॉक्टर आणि शुश्रूषा मिळून 88,000, औषधे व तपासण्या 40,000. कंपनीने खोलीचे 20,000 दिले. मात्र महागडी खोली घेतल्यामुळे तिच्याशी निगडित असलेल्या 88,000 रुपयांनाही खोलीभाड्याच्याच प्रमाणात, म्हणजे तीन अष्टमांशाची कात्री लागली आणि त्यातले 55,000 मंजूर झाले. औषधे आणि तपासण्यांना नियमानुसार ही कात्री लागत नाही, त्यामुळे ते 40,000 पूर्ण धरले गेले. बेरीज 1,15,000, त्यातून पाच टक्के वजा जाऊन हाती आले 1,09,250. उरलेले 50,750 रुपये आम्ही भरले. खोलीच्या भाड्यातला फरक 12,000 रुपयांचा होता, पण त्यापायी आणखी 33,000 रुपये गेले.

सेवेबद्दल संमिश्र मत आहे. दाखल होतानाची कॅशलेस मंजुरी तासाभराच्या आत आली, हे नियामकाच्या मे 2024 च्या परिपत्रकाला धरूनच झाले. त्याच परिपत्रकात घरी सोडतानाची अंतिम मंजुरी तीन तासांत देणे बंधनकारक आहे आणि उशिरामुळे रुग्णालयाने वाढीव आकार लावला तर तो कंपनीने सोसायचा आहे. आमची मंजुरी सकाळी अकराला मागितली आणि संध्याकाळी साडेपाचला मिळाली. रुग्णालयाने जादा भाडे लावले नाही, म्हणून तक्रार केली नाही. पण टाके घातलेल्या सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या माणसाला खुर्चीत ताटकळत बसवण्याचा हिशेब कुठल्या रकान्यात मांडायचा, हे परिपत्रकात लिहिलेले नाही.

या काळात आरोग्यविम्यावरून राजकारण पुष्कळ तापले. हप्त्यावरचा 18 टक्के जीएसटी काढावा यासाठी जुलै 2024 मध्ये नितीन गडकरी यांनी अर्थमंत्र्यांना पत्र लिहिले, विरोधकांनी संसदेच्या आवारात निदर्शने केली, आणि अखेर 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक पॉलिसींवरील कर शून्य झाला. आमचा मूळ हप्ता 16,000 रुपये असल्याने वर्षाला 2,880 रुपये वाचतील. त्याबद्दल समाधान आहेच. पण एका हर्नियाने खिशातून काढलेल्या 50,750 रुपयांसमोर ही सवलत ठेवली, की वाद चुकीच्या टोकाला धरून घातला गेला असे वाटल्यावाचून राहत नाही. सगळी झोंबाझोंबी विम्याच्या किमतीवरून झाली. विमा ज्या बिलासाठी काढायचा, त्या बिलाच्या किमतीबद्दल दोन्ही बाकांवर शांतता होती.

दर बांधता येतच नाहीत, असेही नाही. ही पॉलिसी बाजारात आल्यानंतर दीड-दोन महिन्यांतच, मे 2020 मध्ये, करोनाच्या साथीत, महाराष्ट्र शासनाने खासगी रुग्णालयांतील 80 टक्के खाटांसाठी दिवसाचा दर ठरवून दिला होता: साध्या कक्षाला 4,000, अतिदक्षता विभागाला 7,500 आणि व्हेंटिलेटरसह 9,000 रुपये. हे तिन्ही आकडे आरोग्य संजीवनीच्या मर्यादांच्या आत बसतात. म्हणजे पॉलिसीचा साचा मुळात वाईट नाही. तो बांधलेल्या दरांच्या जगात चालणारा आहे. साथ सरली, दर मोकळे झाले आणि 5,000 ची मर्यादा मात्र जागची हलली नाही. रुग्णालयांच्या नियमनाचा 2010 चा केंद्रीय कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. राज्याच्या 1949 च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखालील 2021 च्या सुधारित नियमांनी दरपत्रक दर्शनी भागात लावायला सांगितले आहे, पण त्या पत्रकावर आकडा किती असावा हे रुग्णालयावरच सोडले आहे.

मग ही पॉलिसी घ्यावी का? मोठ्या शहरातल्या स्वतंत्र खोलीची अपेक्षा असेल तर घेऊ नये. खोलीभाड्यावर मर्यादा नसलेली पॉलिसी महाग पडली तरी परवडते. तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्यांसाठी आणि सामायिक कक्षात राहायची तयारी असणाऱ्यांसाठी मात्र इतक्या सरळ अटींची दुसरी पॉलिसी शोधणे कठीण आहे. विमा रक्कम अडीच-तीन लाखांच्या वर नेण्यापूर्वी खोलीची मर्यादा पुन्हा एकदा वाचावी. दाव्याचा निकाल पटला नाही तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही तर विमा लोकपालाकडे जावे. तिथे शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

आम्ही पॉलिसी चालू ठेवली आहे. वडिलांचा मधुमेह पूर्वीपासूनचा असल्याने त्याच्या उपचारांचा खर्च न मिळण्याचा प्रतीक्षा काळ नुकताच संपला, आणि आता कुठे ती पूर्णपणे उपयोगाची झाली आहे. पॉलिसीच्या कार्डामागे मी एक चिठ्ठी चिकटवली आहे: ‘दाखल होताना आधी विचारणे, पाच हजारांच्या आतली खोली कोणती?’