‘रोग वन’ आधी की ‘अँडॉर’?

जुन्या तीन सिनेमांनंतर ‘स्टार वॉर्स’मध्ये बघण्यासारखं काय, असं विचारलं की बरेच चाहते डोळे झाकून ‘रोग वन’चं नाव घेतात. मीही त्यांच्याच भरवशावर बसलो. सव्वादोन तासांनी जवळजवळ सगळी मुख्य पात्रं मेली होती आणि मला भूक लागली होती.

ज्यांनी यातलं काहीच पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९७७च्या पहिल्या सिनेमात सुरुवातीला पडद्यावर पिवळी अक्षरं वर सरकतात. बंडखोरांच्या हेरांनी साम्राज्याच्या ‘डेथ स्टार’चे, म्हणजे अख्खा ग्रह उडवू शकणाऱ्या महाशस्त्राचे, आराखडे चोरले, हे त्यातच कळतं. त्या एका वाक्याचा गॅरेथ एडवर्ड्सने २०१६मध्ये १३३ मिनिटांचा सिनेमा केला, तो ‘रोग वन’. त्यातल्या कॅसियन अँडॉर या हेराची आधीची पाच वर्षं सांगणारी मालिका म्हणजे ‘अँडॉर’. पहिला सीझन २०२२चा, दुसरा २०२५चा, एकूण २४ भाग. पूर्वकथेची पूर्वकथाच म्हणा ना. गंमत म्हणजे सिनेमाच्या पटकथेची डागडुजी करायला ज्या टोनी गिलरॉयला बोलावलं होतं, त्यानेच पुढे ही मालिका उभी केली.

शेवट आधीच माहीत असतो, ही माझी तक्रार नाही. बाजीप्रभू पडणार हे आपल्याला चौथीच्या पुस्तकातच कळलेलं असतं. तरी विशाळगडावरून तोफांचे आवाज येईपर्यंत जीव टांगणीला लागतोच, कारण खिंडीत उभ्या राहिलेल्या माणसाची ओळख झालेली असते. ‘रोग वन’ला त्या ओळखीसाठीच वेळ नाही. पहिला तासभर या ग्रहावरून त्या ग्रहावर नुसती धावपळ. नावं कानावर पडतात आणि विसरतात. सिनेमाची नायिका जिन अर्सो लहानपणी दुरावलेल्या बापाला अखेर भेटते ती तो मरत असताना, धो धो पावसात. फेलिसिटी जोन्स आणि मॅड्स मिकेलसन, दोघंही कसलेले नट. पण बापलेकीत त्याआधी घडलेलं आपण पाहिलंय किती? सुरुवातीचा एक प्रसंग आणि एक होलोग्राम.

डॉनी येनने केलेला आंधळा चिररूट मात्र लक्षात राहतो. गोळीबारातून मंत्र पुटपुटत तो थेट स्विचपर्यंत चालत जातो. तो मेला तेव्हा वाईट वाटलं, हे कबूल. त्याच्याबद्दल आणखी काही माहीत असतं तर जास्त वाटलं असतं.

सिनेमाची जमेची बाजू म्हणजे शेवटचा पाऊण तास. मालदीवमध्ये चित्रित केलेला तो किनारा, माडांमधून चालत येणारी अजस्र यंत्रं, वर अवकाशात जहाजांची झुंबड. मोठा पडदा आणि चांगले स्पीकर असतील तर पैसे वसूल. अगदी शेवटी अंधाऱ्या कॉरिडॉरमध्ये जुन्या सिनेमांतला खलनायक डार्थ वेडरची लाल तलवार पेटते, तिथे थिएटरात शिट्ट्या पडल्या असतील तर नवल नाही. पण बघा, सिनेमातला सगळ्यात गाजलेला प्रसंग, आणि त्यात सिनेमाच्या स्वतःच्या मुख्य पात्रांपैकी एकही नाही. १९७७च्या सिनेमातला नट पीटर कुशिंग १९९४मध्ये वारला; त्याचा चेहरा संगणकावर पुन्हा घडवलाय, त्याबद्दल तर बोलायलाच नको. त्याचे डोळे बघून मला प्रत्येक वेळी पुतळ्याशी बोलल्यासारखं झालं.

‘अँडॉर’मध्ये तलवार नाही, वेडर नाही, शिट्टीची जागा तर जवळजवळ नाहीच. पहिले तीन भाग रेंगाळतात; मी दुसऱ्या भागानंतर आठवडाभर सोडून दिली होती. पण तुरुंगाचे भाग बघा. पांढरे कपडे, अनवाणी कैदी, आणि वीज सोडता येईल अशी धातूची जमीन. एका टेबलावर सात जण, खोलीत सात टेबलं, दिवसभर कसले तरी सुटे भाग जोडायचे. कशाचे, ते कुणालाच माहीत नाही. अँडी सर्किसचा मुकादम किनो लॉय आधी स्वतःच सगळ्यांना दामटून कामाला लावतो. सुटका कुणाचीच होत नाही, हे त्याला कळतं तेव्हा सर्किस फारसं काही करत नाही, फक्त चेहरा उतरतो. मी पाण्याचा ग्लास हातात धरून तसाच बसलो होतो.

आणि कॅसियन जिथे वाढला त्या फेरिक्स ग्रहावरची ती प्रेतयात्रा. तिथे माणूस गेला की त्याच्या राखेची वीट करून ती भिंतीत बसवायची रीत आहे. कॅसियनला वाढवणाऱ्या मार्व्हाच्या अंत्यविधीत दंगल उसळते आणि तिच्याच विटेने साम्राज्याच्या माणसाला हाणलं जातं. बंड कशातून पेटतं, हे सांगायला सिनेमाला भाषण लागलं होतं. इथेही मार्व्हाचं आधीच मुद्रित केलेलं भाषण आहे, पण लक्षात राहते ती वीट.

आता निवड. एकच संध्याकाळ मोकळी असेल आणि १९७७चा सिनेमा पाहिला नसेल, तर दोन्ही सोडा, तोच बघा. तो पाहिलाय आणि लढायाच हव्यात, मग ‘रोग वन’ घ्या. फक्त कौतुकाचा गठ्ठा बाजूला ठेवून बसा. घरात दहा-बारा वर्षांची मुलं असतील तरी सिनेमाच बरा, मालिकेत त्यांचा जीव रमणार नाही. मात्र रोज रात्री पाऊण तास काढता येत असेल, तर आधी ‘अँडॉर’चे २४ भाग आणि लगेच दुसऱ्या दिवशी ‘रोग वन’. प्रदर्शनाच्या क्रमाने जाऊ नका. मालिका जिथे संपते, जवळपास तिथेच सिनेमा सुरू होतो.

मी तसं करून पाहिलं. सिनेमात कॅसियन पहिल्यांदा दिसतो तो काफ्रीनच्या गल्लीत. खबर आणणारा माणूस हाताने अधू, भिंत चढून पळणं त्याला शक्य नाही, मागून शिपाई येतायत. कॅसियन त्याला धीर देतो आणि गोळी घालतो. पहिल्या वेळी मला तो फक्त एक निर्दय हेर वाटला होता. या वेळी गोळी घातल्यावरचा त्याचा चेहरा बघायला मी रिमोटने मागे गेलो, दोनदा.