लॉन मोवर घेताय? माझे ३८,५०० रुपये कसे गेले ते आधी वाचा

दुकानात दाखवलं एक, घरी पाठवलं दुसरं. युक्ती जुनीच आहे, ती समजावून सांगत बसत नाही. लिहितोय एवढ्यासाठी की गवत कापायचं हे मशीन उलटं करून बघितल्याशिवाय भल्याभल्यांना फरक कळत नाही, आणि नाशिकमधलं ते दुकान आजही उघडं आहे.

आधी हिशेब. ५,००० रुपये बुकिंगचे, यूपीआयने. ३२,००० रोख, मशीन टेम्पोत चढवण्याआधी. १,५०० टेम्पो आणि 'फिटिंग'चे. एकूण ३८,५००.

आमचं घर पाथर्डी फाट्याच्या पुढे. मागच्या बाजूला लॉन, जमीन काळी आणि उताराची. पावसाळ्यात हरळी अशी माजते की आठवडाभर कापली नाही तर पाय ठेवायला नको वाटतं. माझा गुडघा गेलेला, डॉक्टरांनी रेटारेटीचं काम बंद सांगितलंय. ओल्या काळ्या मातीत साधं ढकलायचं मशीन चढावर नेणं हे धडधाकट माणसाचं काम आहे. म्हणून सेल्फ प्रॉपेल्डच, म्हणजे इंजिनाच्या जोरावर आपोआप पुढे जाणारंच हवं होतं, आणि तेही मागच्या चाकांना ड्राइव्ह असलेलं. चढावर वजन मागे येतं, मग पुढची चाकं नुसती फिरत राहतात. हे सगळं मी दुकानदाराला नीट सांगितलं होतं. त्याने मान डोलावली, "काका, तुम्हाला मशीनमधलं कळतं, तुम्हाला काय सांगायचं," म्हणाला आणि दुकानाबाहेरच्या मोकळ्या जागेत एक मशीन चालू करून माझ्या हातात दिलं. लिव्हर दाबला की ते आपोआप पुढे जात होतं. मी स्वतः चालवलं. "हाच पीस पॅक करून देतो," हे त्याचे शब्द.

डिलिव्हरी आली संध्याकाळी, गणपतीच्या तोंडावर, रिपरिप पावसात. टेम्पोबरोबर दुकानातला एक पोरगा. त्याने हँडल बसवलं, ऑइल ओतलं, दोरी ओढली, इंजिन चालू झालं. दोन्ही लिव्हर दाबून त्याने मशीन गवतात घातलं.

इथेच. सगळं इथेच दिसत होतं. पोरगा हँडलवर ओणवा झाला होता आणि ओल्या गवतात त्याच्या चपला मागे सरकत होत्या. सेल्फ प्रॉपेल्ड चालवणारा माणूस मशीनच्या मागून चालतो, त्याला रेटत नाही. मी विचारलंसुद्धा, "अरे, तू ढकलतोयस का?" तो म्हणाला, "बेल्ट नवा आहे काका, पहिली टाकी संपेपर्यंत जड जातो, मग सेट होतं." अंबडच्या कारखान्यात मेंटेनन्समध्ये माझं आयुष्य गेलं. बेल्ट चालून चालून सैल होतो, नवा असतो तो घट्ट. नव्या बेल्टवर मशीनने जास्त जोरात ओढलं पाहिजे! हे वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पण अंधार पडत होता, टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, आणि मुळात तोच पीस मी स्वतःच्या हाताने चालवून बघितला होता. चालवून बघितलेल्या वस्तूवर माणूस संशय का घेईल? घरचे आता विचारतात, "बघितलं नाही का?" बघितलं होतं. बघितलेलं मशीन आलंच नाही.

ऊन पडल्यावर मी मशीन काढलं. लिव्हर दाबला, काही नाही. फोन केला तर "केबल टाइट करा." मग "मेकॅनिक पाठवतो." मग फोन उचलणंच बंद.

शेवटी मी ते उघडलं. (कुणी असं करणार असाल तर आधी स्पार्क प्लगची कॅप काढा, नाहीतर पातं फिरून बोटं जातील. आणि आडवं करताना एअर फिल्टरची बाजू वर ठेवा, नाहीतर ऑइल तिकडे उतरतं.) मागच्या चाकांवर काळं प्लास्टिकचं कव्हर होतं, ते सोडवलं. आत बेल्ट नाही, पुली नाही, गिअरबॉक्स नाही. सरळ एक दांडा आणि त्यावर साधी चाकं, आतून गुळगुळीत. हँडलवरून येणारी केबल एका छोट्या स्प्रिंगला अडकवलेली आणि स्प्रिंग डेकच्या (पात्यावरच्या झाकणाच्या) बोल्टला केबल टायने, म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीने बांधलेली. म्हणजे लिव्हर दाबला की हाताला क्लच दाबल्यासारखा ताण लागावा, एवढ्यासाठीच ती होती. ही चुकून झालेली अदलाबदल नाही. कुणीतरी बसून, विचार करून ते बांधलंय. डेकच्या आतल्या कडेला तर नव्या रंगाखाली वाळलेल्या गवताच्या काड्या चिकटलेल्या होत्या. कुणाचं तरी जुनं ढकलायचं मशीन रंगवून माझ्या गळ्यात मारलं.

दुकानात गेलो तर उत्तर काय? "बिलावर कुठे लिहिलंय सेल्फ प्रॉपेल्ड?" बिलावर होतं फक्त 'लॉन मोवर, १ नग'. मॉडेल नाही, इंजिन नंबर नाही. बिलावर हे दोन्ही आणि 'सेल्फ प्रॉपेल्ड' हे शब्द लिहून घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका. मशीन पसंत पडलं की तिथेच त्याच्या इंजिनवर कोरलेल्या नंबरचा फोटो काढा आणि घरी आलेल्या मशीनशी जुळवा. बिलावरचा जीएसटी नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा, त्याला लॉगिन लागत नाही. १५ अक्षरं हवीत आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीची सुरुवात २७ ने होते. माझ्या बिलावरचा नंबर २७ नेच सुरू होता, पण टाकल्यावर भलत्याच नावाची, रद्द झालेली नोंदणी निघाली.

मग पोलीस ठाणं. तिथल्या साहेबांनी माझं पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. "वस्तू मिळाली ना काका? मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला आहे." मी केबल टायचे फोटो दाखवले. ते म्हणाले, फोटोवरून काय कळणार, मशीन घेऊन या. मशीन टेम्पोत घालून नेलं, त्याचं भाडं पुन्हा माझ्याच खिशातून, तर साहेब बंदोबस्तात. दुसरे म्हणाले, पैसे यूपीआयने दिलेत ना, मग सायबरला जा. तिथे म्हणाले, तुम्ही दुकानात जाऊन, माणूस बघून पैसे दिलेत, हे आमच्याकडे येत नाही. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. रद्द नोंदणीवर बिल फाडलं जातंय, हे कळवायला आणखी एका कार्यालयात गेलो, तर "ऑनलाइन टाका." प्रत्येक टेबलावर दुसऱ्या टेबलाचा पत्ता मिळतो! साठी उलटलेल्या माणसाने गुडघा धरून जिने चढायचे आणि ज्याने ठगवलं त्याने आरामात शटर उघडायचं. अर्जावर पोच शिक्कासुद्धा भांडून घ्यावा लागला.

जाणूनबुजून खोटं सांगून वस्तू गळ्यात मारणं ही फसवणूकच आहे. १ जुलै २०२४ पासून ४२० ऐवजी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं. ठाण्यात गुन्हा नोंदवून घेत नसतील तर वरिष्ठांना लेखी कळवता येतं आणि तिथेही दाद मिळाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली. हे मला कुठल्याच टेबलावर कुणी सांगितलं नाही, ओळखीच्या वकिलाने सांगितलं. न बघितलेल्या माणसाला ऑनलाइन पैसे गेले असतील तर मात्र लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, तिथे तासाचा उशीरही महागात पडतो.

घ्यायचंच असेल तर मशीन तुमच्या गवतात चालल्यावरच उरलेले पैसे द्या. इंजिन बंद ठेवून ड्राइव्हचा लिव्हर दाबा आणि मशीन मागे ओढा. बहुतेक सेल्फ प्रॉपेल्ड मशीनची ड्राइव्हची चाकं तेव्हा अडकतात, लिव्हर सोडला की मोकळी होतात. माझी दोन्ही वेळा सारखीच फिरत होती. चाक काढून दाखवा म्हणा, बहुतेकांच्या आतल्या बाजूला दाते असतात. दुकानदार काढायला तयार नसेल तर उठून या.

मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे, ई-जागृती पोर्टलवरून. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागत नाही, घटनेपासून २ वर्षांच्या आत करायची असते आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. मशीन जसंच्या तसं ठेवलंय, केबल टायसुद्धा कापलेला नाही. काळं कव्हर, दोन लिव्हर आणि चढावर न ओढणारं असं मशीन नाशिकमध्ये आणखी कुणाकडे असेल तर कव्हर उघडून फोटो काढा आणि बिल जपून ठेवा. सारखीच फसवणूक झालेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते, आणि मला ती करायची आहे.