नेटवर्कएक्स: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेले आठ महिने जाळ्यांच्या (म्हणजे घटक आणि त्यांना जोडणारे दुवे यांच्या) विज्ञानाचा अभ्यास करताना मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेतील नेटवर्कएक्स ही लायब्ररी (तयार कोडचा संच) जवळजवळ रोज वापरत आले आहे. शिकण्यासाठी ती उत्तम आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन. मात्र विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला ती आकडा देते, आणि तो आकडा नेमका कशाचा, हे ठरवण्याची जबाबदारी सर्वस्वी वापरणाऱ्यावर राहते.

याचा प्रत्यय मला संशोधक झॅकरी यांनी अभ्यासलेल्या कराटे क्लबच्या जाळ्यावर काम करताना आला. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेले हे ३४ सदस्यांचे आणि ७८ दुव्यांचे जाळे लायब्ररीत तयारच मिळते. प्रत्येक दुव्याला भार आहे. ते दोन सदस्य नेहमीच्या वर्गांपलीकडे किती निरनिराळ्या निमित्तांनी भेटत, त्याची ती संख्या. इतरांना जोडणाऱ्या मार्गांवर कोण सर्वाधिक वेळा येते हे पाहण्यासाठी बिट्वीननेस काढताना मी हा भार जसाच्या तसा दिला. उत्तर आले, तक्ता नीटनेटका दिसला, आणि दोन आठवडे मी त्यावरच टिपणे काढत राहिले. प्रत्यक्षात हे फंक्शन भाराला अंतर मानते, त्यामुळे ज्यांचा संबंध सर्वांत घट्ट, तेच माझ्या गणितात एकमेकांपासून सर्वांत लांब गेले होते. भाराचा व्यस्त घेऊन गणित पुन्हा केले, तेव्हा क्रम बदलला. माहितीपुस्तिकेत हे स्पष्ट लिहिलेले आहे. मी ते वाचले नव्हते.

याच जाळ्यातला नववा सदस्य (लायब्ररी शून्यापासून मोजते, म्हणून तिथे तो ८) मला फार मोलाचा वाटतो. प्रशिक्षक आणि क्लबचा पदाधिकारी यांच्यातील वादातून क्लब फुटल्यावर कोण कोणाकडे जाईल, याचे झॅकरी यांचे अनुमान केवळ त्याच्याबाबतीत चुकले. दुव्यांनुसार तो पदाधिकाऱ्याच्या गटातला. पण ब्लॅक बेल्टची परीक्षा तीन आठवड्यांवर आलेली असल्याने तो प्रशिक्षकाकडे राहिला. हे कारण कोणत्याही दुव्यात नोंदलेले नाही.

समुदाय, म्हणजे आपसात घट्ट जोडलेले गट, शोधण्याची लुव्हेन पद्धतही लायब्ररीत आहे, पण ती नोड (जाळ्यातले घटक, इथे सदस्य) यादृच्छिक क्रमाने घेत असल्यामुळे दर वेळी तीच विभागणी मिळेल असे नाही. त्यामुळे मी निरनिराळे सीड (यादृच्छिक क्रम ठरवणारे सुरुवातीचे आकडे) देऊन ती अनेकदा चालवते आणि प्रत्येक वेळी एकत्र राहणाऱ्या नोडवरच भिस्त ठेवते. शिवाय लुव्हेनसारख्या, मॉड्युलॅरिटीवर (गटांच्या आतले दुवे अपेक्षेपेक्षा किती जास्त, या मापावर) आधारलेल्या पद्धती मोठ्या जाळ्यातील लहान गट एकमेकांत मिसळून टाकू शकतात, हे २००७ मध्येच दाखवले गेले आहे. रिझोल्यूशनचे (गट किती लहान-मोठे धरायचे ते ठरवणाऱ्या आकड्याचे) मूल्य बदलून पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

जाळ्यांच्या चित्रांसाठी गेफी हे वेगळे सॉफ्टवेअर बरे.

वेग ही मात्र खरी अडचण आहे. सगळी रचना पायथनच्या डिक्शनरींवर (नाव आणि माहिती यांच्या जोड्यांच्या साठ्यांवर) उभी असल्याने कोड वाचायला सोपा जातो, पण स्मृती फार लागते. ब्रँडीस यांच्या २००१ च्या वेगवान पद्धतीनेही बिट्वीननेसचा खर्च नोड आणि दुवे यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढतो. मोठ्या जाळ्यांसाठी मी काही मोजकेच नोड नमुना म्हणून घेऊन अंदाज काढते, आणि अचूक उत्तरच हवे असेल तेव्हा सी भाषेत लिहिलेल्या आयग्राफ या दुसऱ्या लायब्ररीकडे वळते.